चार लाख किलोमीटरनंतर

४ जानेवारी

पक्कड,

फोनवर तू जलद गाडीसारखी बोलतेस आणि मला मधली स्टेशनं दिसतच नाहीत. म्हणून लिहितोय. लिहिलेलं समोर राहतं, पुन्हा वाचता येतं. तूही लिहूनच कळव.

गाडीचं काहीतरी बिनसलंय. चार लाख किलोमीटर तिने केव्हाच ओलांडले, आणि त्यातला एकही दुसऱ्याच्या हाताने नाही. टॅक्सीचा बिल्ला मी परत केला असला तरी गाणं शिकवणाऱ्या बाईंना अजून मीच नेतो. कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना दर मंगळवारी व्यायामासाठी टेकडीवरच्या हॉस्पिटलात जावं लागतं. दुसऱ्या कोणाच्या गाडीत त्या बसत नाहीत. तर अशा माणसाला घेऊन रस्त्यात अडकायचं म्हणजे शोभा.

पूर्वी टाकी भरली की पंधरा दिवस बघायला नको. आता आठवडा निघत नाही. दोनदा सकाळी गाडी मेलेली सापडली, शेजाऱ्याच्या गाडीला वायर लावून जिवंत केली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला की हायब्रिडची मोठी बॅटरी गेली, या वयात सगळ्यांची जाते. ‘गाडी म्हातारी झाली, काका,’ असं म्हणताना तो माझ्याकडे का बघत होता देव जाणे.

तुझी मामी म्हणते विकून टाका. ती हल्ली प्रत्येक गोष्टीला विकून टाका म्हणते. तू या बॅटऱ्या उघडतेस, तपासतेस, पोट भरतेस त्यावर. तू सांगशील ते खरं. बॅटरी खरंच गेली का, हे गाडी न उघडता कसं ओळखायचं?

लवकर लिही. मला बसवत नाही. दिवसातून दहादा खाली जाऊन गाडीकडे बघून येतो.

तुझा मामा

१२ जानेवारी

मामा,

मेकॅनिकच्या नादी लागू नकोस. आमच्या वर्कशॉपला अशा ‘गेलेल्या’ बॅटऱ्या रोज येतात आणि त्यातल्या कितीतरी मी धूळ झाडून परत पाठवते.

आधी एक गोष्ट लक्षात घे, तुझ्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. छोटी साध्या गाडीसारखीच, तिचं काम गाडीला जागं करायचं. मोठी मागच्या सीटखाली, ती चाकं ओढते. सकाळी गाडी मेलेली सापडते तेव्हा बहुतेक वेळा छोटीचा गुन्हा असतो. काहीतरी चालू राहतं रात्रभर. पेट्रोल मात्र मोठीमुळे वाढू शकतं, कारण ती दमली की तिचं काम इंजिनाला करावं लागतं.

मोठीच्या आत चौदा कप्पे आहेत, एका रांगेत बसलेल्या भावंडांसारखे. सपाट रस्त्यावर सगळीच शहाणी दिसतात. चढावर ओझं पडलं की कोण धापा टाकतं ते कळतं. या पत्राबरोबर एक छोटं यंत्र पाठवतेय, ते स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला खोचायचं, आकडे फोनवर दिसतात. हॉस्पिटलच्या चढावर गाडी जोर लावत असताना सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा टिपायचा. दोघांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर तो कप्पा आजारी. उतरताना चार्जच्या कांड्यांकडेही लक्ष ठेवायचं. झटकन भरल्या आणि झटकन उतरल्या तर बादलीच लहान झाली असं समज.

मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, तिथून पंखा हवा ओढतो. ती साफ कर. मामीची शाल नेहमी तिच्यावर पडलेली असते. आणि टाकी भरलीस की फेरीचा मीटर शून्यावर आणून ठेव, किती पेट्रोलात किती पळते ते नीट कळेल.

आकडे मामी टिपेल. तू रस्ता बघ.

तुझी पक्कड

२७ जानेवारी

पक्कड,

तुझं यंत्र खोटं बोलतंय.

मामीला शेजारी बसवून चढ चढलो. तिने टिपलेला कागद सोबत आहे, बघ. चौदाच्या चौदा कप्पे एका आईची लेकरं. फरक नावालासुद्धा नाही. कांड्याही शिस्तीत भरतात, शिस्तीत उतरतात. जाळी साफ केली, आतून एवढा कापूस निघाला की उशी भरावी. तरी पेट्रोलचं रडगाणं तेच.

आता मीटरसुद्धा बिघडलाय. बाईंच्या घरून हॉस्पिटल आणि परत, हा रस्ता मी डोळे मिटून सांगेन, जायचे नऊ आणि यायचे नऊ. मागच्या मंगळवारी मीटरने एक्केचाळीस दाखवले. एवढ्यात तर दोन फेऱ्या होऊन वर चहाला जाऊन येता आलं असतं. रस्त्याची कामं काढलीत जिकडेतिकडे, वळसे पडतात, ते कबूल. पण एक्केचाळीस? मामीला म्हटलं मीटर बिघडलाय, तर ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला गाडीतलं काय कळतं.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. या मंगळवारी पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात गाडी बंद पडली. सिग्नल सुटला होता, मागून हॉर्नवर हॉर्न. बाई मागच्या सीटवर होत्या, मामी शेजारी. मग आपोआप चालू झाली. अशी मध्येच वीज तुटते म्हणजे मोठीचाच दोष ना? कप्पे चांगले असले तरी आणखी काही असेल. तू म्हणत असशील तर मी नवी बॅटरी बसवून घेतो. पण नक्की सांग.

तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस. ती उगाच रडत बसेल.

तुझा मामा

५ फेब्रुवारी

मामा,

एवढ्या पळालेल्या गाडीचे इतके चांगले आकडे मी क्वचित पाहिलेत. तुझ्या हातात जादू आहे. मला आनंद व्हायला हवा होता, पण तुझं पत्र वाचल्यापासून हातातलं काम हातात राहत नाहीये. आज एका माणसाच्या गाडीला उलटी वायर लावणार होते, साहेबांनी वेळेवर पाहिलं.

चौकात गाडी बंद पडली म्हणजे नेमकं काय झालं? समोरचे दिवे गेले का? पंखा थांबला? लाल त्रिकोण आला? मोठी बॅटरी तुटली तर गाडी तशी खूण स्वतःच्या आठवणीत ठेवते आणि यंत्राला ती दिसते. मामीने यंत्राच्या शेवटच्या पानाचा जो मजकूर उतरवलाय त्यात लिहिलंय की दोष नाही. एकही नाही. त्यामुळे मला वाटतं कुठेतरी वायर सैल आहे, जी कधी लागते, कधी सुटते. अशी वायर फार वाईट. ती सापडेपर्यंत बाईंना गाडीत घेऊ नकोस, दुसरी व्यवस्था कर. नवी बॅटरी तर अजिबात आणू नकोस.

मामी शेजारी होती ना? तिला चार ओळी लिहायला सांग. तिने काय पाहिलं ते मला हवंय.

तुझी पक्कड

१४ फेब्रुवारी

चिरंजीव बाळ,

त्यांनी मला लिहायला सांगितलं नाही. तुझं पत्र आलेलं मी टेबलावर वाचलं आणि ते अंघोळीला गेल्यावर लिहायला बसलेय. शुद्धलेखनाकडे बघू नकोस.

गाडी बंद पडली नव्हती. दिवे होते, पंखा होता, समोर गाडी चालू असल्याची हिरवी अक्षरं लागलेली होती. सिग्नल सुटला आणि ते बसून राहिले. मागचे लोक ओरडत होते. मी म्हटलं, अहो, चला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘आपल्याला कुठे जायचंय?’

मी सांगायच्या आधी बाई मागून म्हणाल्या, सरळ जाऊन डावीकडे घ्या. ते गेले. अगदी सफाईने गेले. बाईंनी पुढची सगळी वळणं अशी गप्पा मारता मारता सांगितली. मला तेव्हा कळलं की हे नवीन नाही. बाई हे किती दिवस करत असतील कोण जाणे. ज्या मंगळवारी त्या दुखण्याने बेजार असतात आणि बोलत नाहीत, त्या मंगळवारी मीटर चाळीस दाखवतो.

पेट्रोलचंही सांगते. ही गाडी उभी असताना आवाज करत नाही. ते घरी येतात, उतरतात, बंद करायचं विसरतात. मग इंजिन मध्येच आपोआप लागतं, थांबतं, पुन्हा लागतं, दुपारभर. मी दोनदा खाली जाऊन बटण दाबलंय. आणि सकाळी मेलेली असते तेव्हा रात्री आतला दिवा आणि रेडिओ चालू राहिलेला असतो.

बाळ, मी त्यांना हे सांगू शकत नाही. एकदा बोलायला गेले तर दोन दिवस जेवले नाहीत. या गावात गल्ल्यांची माहिती त्यांना विचारून लोक घर बांधायचे. रस्ता विसरलात असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? माणसाचं ते ऐकत नाहीत, गाडीचं ऐकतात. म्हणून तुला हात जोडून सांगते. तू लिही की बॅटरी गेली आणि या गाडीला आता नवी बसवण्यात अर्थ नाही. तुझा शब्द ते मोडणार नाहीत. गाडी गेली की प्रश्न मिटेल आणि त्यांचा मानही राहील.

हे पत्र फाडून टाक.

मामी

१९ फेब्रुवारी

मामी,

तू सांगितलंस तसं पत्र मी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, चौथा कप्पा, अकरावा कप्पा, सगळं खरं वाटेल असं. पाकीट चिकटवलं आणि पेटीपर्यंत जाऊन परत आणलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं होईल ते. मी फाडलं. रागावू नकोस.

मी येतेय. साहेबांकडे रजा मागितली आहे, ते कुरकुरतायत, पण मिळेल. तोवर गाडी बाहेर पडता कामा नये. बॉनेट उघडलंस की कोपऱ्यात छोटी बॅटरी दिसेल, तिच्या काळ्या वायरचा नट सैल करून वायर बाजूला काढून ठेव. शॉक बसत नाही, घाबरू नकोस. हाही खोटेपणाच आहे का, ते मला ठरवता येत नाही. पण बाईंचा जीव, तुझा जीव, रस्त्यावरच्या कुणाचा तरी जीव, एवढं डोळ्यांसमोर येतं आणि मग मी ठरवायचं सोडून देते.

आणि एका डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. कधीकधी अशा विसरण्याला साधं कारणही असतं, एखादं जीवनसत्त्व, एखादी गोळी. आपण आशा का सोडायची.

तुझी भाची

२४ फेब्रुवारी

बाळ,

वायर काढली. ते सकाळी खाली गेले, बॉनेट उघडलं, वायर बघितली. मी खिडकीतून बघत होते. पाना आणून त्यांनी ती परत आवळली, हात पुसले, वर आले आणि चहा मागितला. गाडी मात्र काढली नाही. त्या दिवसापासून रोज खाली जातात, आत बसतात आणि परत येतात.

लवकर ये.

मामी

११ मार्च

मामी,

निघताना तू विचारलंस की त्या सकाळी गाडीत आमचं काय बोलणं झालं, आणि मामा दारात उभा होता म्हणून मी नुसती मान हलवली. आता सांगते.

मी त्याला म्हटलं होतं की बॅटरी तपासायची तर चढावर तपासू, तू चालव, मी आकडे बघते. मला भीती वाटत होती, पण त्याच्या शेजारी बसून त्याचं चालवणं मला स्वतःला पाहायचं होतं. एक पाय मी मनातल्या मनात ब्रेकवरच ठेवला होता. गरज पडली नाही. तुला माहीत आहे तो कसा चालवतो. मांडीवरचा लॅपटॉपसुद्धा हलला नाही. रस्ता विचारावा लागू नये म्हणून मीच बडबडत होते, आता टाकी आली, आता डावीकडे शाळा. बाईंसारखीच. त्याच्या ते लक्षात आलं असावं.

वर पोचल्यावर झाडाखाली गाडी लावली आणि मी त्याला सगळे आकडे वाचून दाखवले. सांगितलं की बॅटरी चांगली आहे, अजून काही वर्षं सहज जाईल. सैल वायरही कुठे नाही.

तो स्टिअरिंग धरून बसला होता.

‘म्हणजे बॅटरी नाही,’ तो म्हणाला.

‘नाही, मामा.’

हॉस्पिटलच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं, आम्ही दोघं तिकडेच बघत राहिलो. मग त्याने सांगितलं की गेल्या पावसाळ्यापासून त्याला कळतंय. एखादा चौक समोर येतो आणि तो कधी पाहिलाच नव्हता असं वाटतं. मग थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी येतं. तो स्वतःला सांगत राहिला की गाडीच झटके देतेय, त्यात लक्ष विचलित होतं. मला लिहिलं तेही त्याच आशेने. ‘तू बॅटरी गेली म्हणाली असतीस तर मी किती खूश झालो असतो,’ तो म्हणाला.

मी त्याला खरं सांगितलं की तसं पत्र मी लिहिलं होतं आणि फाडलं. तू सांगितल्यामुळे लिहिलं, हे नाही सांगितलं.

‘बरं केलंस,’ तो म्हणाला. ‘मी दुसऱ्या दिवशी नवी बसवून आणली असती.’

मामी, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग तो उतरला, बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि दार उघडून उभा राहिला. मी सरकून चालवायला बसले. खाली फाट्यावर तो म्हणाला डावीकडे. मी उजवीकडे घेतलं. बराच पुढे गेल्यावर त्याने विचारलं, उजवीकडेच होतं ना? मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. घरी येऊन त्याने तुला सांगितलं की पक्कड बरी चालवते पण ब्रेक उशिरा मारते. ते तू ऐकलंसच.

मला इथे परत आल्यावर काही सुचत नाहीये. लोक येऊन विचारतात, बॅटरी किती टिकेल हो, आणि मी खडाखडा आकडा सांगते.

तुझी भाची

२ एप्रिल

पक्कड,

डॉक्टर झाले. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, मी काढलं. काटे दाखवा म्हणाले, तिथे घोटाळा झाला. जीवनसत्त्वं वगैरे सगळी ठीक निघाली. म्हणजे इथेही छोटी बॅटरी नाही, मोठीच. गोळ्या दिल्यात. बरं होणार नाही, पण वाढणं सावकाश होईल म्हणाले. सावकाशला माझी हरकत नाही.

बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं. मग एवढं माहीत असून बसत का होतात, असं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही थांबला असतात तर मीही व्यायामाला जायचं थांबवलं असतं. मी त्यांना रागावलो. स्वतःवर जास्त रागावलो.

गाडी विकायची नाही. चांगल्या बॅटरीची गाडी विकणारा मूर्ख. तुझ्या मामीला शिकाऊ परवाना मिळाला आहे. तिला ड्रायव्हिंग स्कूलला घातलंय, कारण मी शिकवायला लागलो तर आमचा संसार एवढ्या वर्षांनी मोडेल. ती स्टिअरिंगला परातीसारखं धरते. आरशात बघ म्हटलं तर केस सारखे करते. पण रस्ते तिला पाठ आहेत. इतकी वर्षं शेजारी बसून झोपते असं मला वाटायचं. ती बघत होती.

मला राग येतो, पक्कड. कोणावर ते कळत नाही. तो आला की मी जाऊन गाडी पुसतो. सध्या गाडी फार चकचकीत आहे.

तुझा मामा

८ जून, पुढच्या वर्षी

मामी,

पाठवलेले आकडे बघितले. आता तू मामापेक्षा नीट टिपतेस. नववा कप्पा चढावर मागे पडायला लागलाय, फरक अजून थोडाच आहे. घाबरण्यासारखं काही नाही, जुन्या बॅटरीत असं होतंच. एक कप्पा बदलता येतो. माझ्याकडे तपासलेला एक आहे, दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलाय, सुट्टीत घेऊन येईन. तोवर चढावर घाई करू नकोस.

मामाची पत्रं थांबली. मागच्या पत्रात दोनच ओळी होत्या आणि दोन्ही सारख्या. तू लिही. कसंही लिही.

तुझी भाची

९ ऑक्टोबर

बाळ,

तू बसवून दिलेला कप्पा छान चाललाय. चढावर आता सगळे बरोबरीने चढतात. बाई दर मंगळवारी येतात, मला गाणं म्हणायला सांगतात, मी म्हणत नाही.

परवाचं सांगते. संध्याकाळी मी कपडे आत घेत होते तेवढ्यात ते घरातून निघून गेले. दाराची कडी मीच लावायची विसरले होते. शेजारी एका बाजूला धावले, मी दुसऱ्या. पायाने किती शोधणार? मी किल्ली घेतली. त्याआधी एकटीने गाडी मी बाईंच्या घरापलीकडे नेली नव्हती. काच पुसली, आरसे बघितले आणि निघाले. बागेजवळ नव्हते. बाजारात नव्हते. मग माझ्या डोक्यात आलं आणि मी त्यांच्या जुन्या टॅक्सीस्टँडकडे घेतलं.

तिथे दिव्याच्या खांबाजवळ उभे होते. घरातलीच चप्पल, शर्टाची बटणं वरखाली. स्टँडवरची नवीन पोरं त्यांना ओळखत नाहीत. मी गाडी हळूच त्यांच्यापुढे नेऊन उभी केली. हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसले आणि दार लावून घेतलं. मग पत्ता सांगितला. आपल्या घराचा पत्ता, बाळ. गल्ली, वळण, कोपऱ्यावरचा मेकॅनिक, सगळं बरोबर.

मी वळून बघितलं नाही. बरं म्हटलं आणि गाडी काढली. गर्दीची वेळ होती. एकदाही धक्का बसू दिला नाही. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं. ते शांत होते. कितीतरी दिवसांत इतके शांत दिसले नव्हते, नाहीतर दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या चालू असतात.

दारात गाडी थांबवली. उतरताना ते खिडकीशी वाकले आणि म्हणाले, ‘छान चालवता हो तुम्ही.’

लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, थँक्यू. गाडी बंद केली आणि त्यांच्या मागोमाग घरात गेले.

मामी